मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला सगळं वेगळंच दिसतंय, बिघडलंय की डोळा अजून रुळतोय?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. आईंचं वय ६८, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन १२ दिवस झाले, डॉक्टरांनी तपासून सगळं ओके सांगितलं. पण आई म्हणतात उजव्या डोळ्याने सगळं निळसर-पांढरं दिसतं आणि डाव्याने पिवळट, कानाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी सावली दिसते, चहा ओतताना कपाच्या बाहेर सांडतो, जुना ४ नंबरचा चष्मा लावला की गरगरतं, आणि ज्या आई इतकी वर्षं चष्मा काढून पेपर वाचायच्या त्यांना आता उजव्या डोळ्याने पेपरच दिसत नाही. त्यामुळे त्या म्हणतायत की ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्या डोळ्याला हात लावू देणार नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, २४ वर्षं डोळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशननंतरचे पेशंट तपासते, म्हणजे सर्जन जखम बघतात आणि त्यानंतर पेशंट माझ्यासमोर खुर्चीत बसून "बाई, दिसतंय पण कसंतरीच दिसतंय" म्हणतो ते मी ऐकते. तुम्ही लिहिलेल्यातली एकही गोष्ट मला नवीन नाही आणि जवळपास सगळ्या एकमेकींशी जुळतात. पण फोनवरून किंवा लिहिलेलं वाचून डोळा तपासता येत नाही, म्हणून कशाचं टेन्शन घ्यायचं नाही आणि कशासाठी आत्ताच्या आत्ता रिक्षा बोलवायची हे दोन्ही सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आज दिसतंय किती यापेक्षा ते कुठल्या दिशेला चाललंय ते बघा. पहिल्या दिवशी धूसर, चौथ्या दिवशी जरा बरं, दहाव्या दिवशी अजून बरं, असं असेल तर डोळ्याची जखम भरून येतेय. छान दिसायला लागलं होतं आणि मग परत कमी झालं, तर ते रुळणं नाही, ते दाखवायलाच हवं, ठरलेली अपॉइंटमेंट आठवड्याने असली तरी तिची वाट बघायची नाही. आणि हे कळायला एकेक डोळा वेगळा तपासावा लागतो, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो आणि पेशंटला पत्ताच लागत नाही.

घरी कसं करायचं तर भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. आईंना रोज सकाळी त्याच जागी, त्याच उजेडात उभं करा, डावा डोळा तळहाताने झाकायचा (बोटांनी दाबायचा नाही), आणि विचारायचं मोठा आकडा दिसतो का, खालची तिथी दिसते का, बारीक अक्षर दिसतं का. मग खिडकीच्या गजांकडे किंवा फरशीच्या रेघांकडे बघायला सांगायचं, सरळ दिसतात की मधेच वाकड्या, लाटेसारख्या. दोन मिनिटं लागतात. वहीत तारीख घालून लिहून ठेवलं तर तपासणीच्या दिवशी आम्हाला त्याचा खूप उपयोग होतो, "जरा कमी वाटतंय" यापेक्षा "सोमवारी तिथी दिसत होती, गुरुवारी नाही" हे हजारपट कामाचं.

आता रंगाचं. आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर पिवळं होत जातं, मोतीबिंदू पिकला की चहाच्या रंगाचं होतं, आणि ते निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की मेंदू त्यालाच पांढरं समजायला लागतो. ऑपरेशनमधे ते पिवळं भिंग काढून पारदर्शक लेन्स बसवली की अडलेला निळा एकदम आत येतो, म्हणून ट्यूबलाईट अंगावर आल्यासारखी वाटते. आईंचा उजवा डोळा आता खरा रंग दाखवतोय, चुकीचं डावा दाखवतोय. माझ्याकडे एका आजींनी ऑपरेशननंतर कपाट उघडलं तर ज्या साडीला त्या सात-आठ वर्षं हिरवी म्हणत होत्या ती निळी निघाली, सुनेशी त्यावरून वादही झाले होते म्हणे. पांढरी भांडी, ओट्यावरचे डाग, स्वतःच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हे सगळं एकदम दिसायला लागतं आणि काही बायकांना त्याचं वाईटही वाटतं, त्यात हसण्यासारखं काही नाही, घरच्यांनी समजून घ्यावं. निळेपणा बहुतेकांना काही दिवसांत ते काही आठवड्यांत जाणवेनासा होतो, दोन डोळ्यांतला फरक मात्र दुसऱ्याचं ऑपरेशन होईपर्यंत राहतो, एकेक डोळा झाकून बघितलं की लगेच कळतो.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना हाच त्रास झाला होता. मोतीबिंदूमुळे त्यांच्या चित्रांत तपकिरी-लाल रंग वाढत गेले, १९२३ साली उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मग रंग बदलले म्हणून ते फार वैतागले, रंगीत काचांचे चष्मे वापरून बघितले, आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन शेवटपर्यंत करू दिलं नाही. तेव्हा डोळ्यात लेन्स बसवायची सोयच नव्हती, भिंग काढायचं आणि जाड भिंगाचा चष्मा द्यायचा. आपल्याकडेही जुन्या फोटोत आजोबांचे सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखे चष्मे दिसतात ते हेच. डोळ्यात बसवायची पहिली लेन्स लंडनमधे हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली घातली, युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या प्लास्टिकचे तुकडे घुसूनही डोळा त्यांना विरोध करत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आईंना हे जरूर सांगा, रंग बदलणं हे त्या मोठ्या चित्रकारालाही झालं होतं, आणि त्याच्याकडे नव्हती ती सोय आपल्याकडे आहे.

आता मला वाटतं तुमच्या सगळ्या त्रासाचं मूळ जिथे आहे तिथे येते, तो म्हणजे ४ नंबर. मोतीबिंदू आतून कडक होत जातो तसा मायनस नंबर वाढतो, म्हणजे लांबचं धूसर आणि जवळचं स्पष्ट दिसतं, म्हणून साठीनंतर काही लोकांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो आणि घरात सगळे म्हणतात बघा कशी नजर परत आली. ती नजर परत आलेली नसते, तो वाढलेला मोतीबिंदू असतो. आईंचं तेच झालं असणार. उजव्या डोळ्यात बहुतेक साधी, एका अंतरासाठीची लेन्स बसवली असेल आणि नंबर लांबच्यासाठी शून्याच्या आसपास आणला असेल (डिस्चार्ज कार्डवर लेन्सचं स्टिकर असतं, ते जपून ठेवा). म्हणजे त्या डोळ्याला लांबचं दिसतं, जवळचं चष्म्याशिवाय दिसणार नाही. हे ऑपरेशन बिघडणं नाही, पण हे आधी सांगायला हवं होतं. ज्यांना इतकी वर्षं जवळचं बिनचष्म्याचं दिसत होतं त्यांना विचारायला हवं की तुम्हाला वाचन जास्त महत्त्वाचं की लांबचं, निवडणं, टिपणं, शिवण करणाऱ्या बायकांना तर नक्कीच. आम्ही लोक तिथे कमी पडतो, गर्दीत ते राहून जातं, आणि मग पेशंट घरी जाऊन रडतो.

तर आत्ताची स्थिती अशी की उजवा डोळा शून्य, डावा मायनस ४. जुन्या चष्म्यात दोन्हीकडे ४ ची काच आहे, म्हणजे ज्या उजव्या डोळ्याला आता काच नकोच आहे त्याच्यासमोर ४ ची काच येते, गरगरणार नाही तर काय होणार. तो चष्मा तसाच्या तसा बंद करा. काही लोक चष्म्याच्या दुकानातून उजवी काच काढून घेतात, करून बघायला हरकत नाही, पण मायनस काच वस्तू जरा लहान दाखवते, त्यामुळे एका डोळ्याला कप मोठा आणि दुसऱ्याला लहान दिसतो. साधारण ३ नंबरच्या वर फरक गेला की बहुतेकांच्या मेंदूला दोन चित्रं एकत्र करता येत नाहीत. त्यात खाली बघितलं की काचेच्या कडेतून बघणं होतं आणि एका डोळ्याचं चित्र वर-खाली सरकतं, म्हणून जिना उतरताना पायरी चुकते. म्हणून माझं मत, घरात वावरताना आईंनी सध्या बिनचष्म्याचंच राहावं. लांबचं उजवा बघेल, आणि अगदी जवळ धरून, वीतभर अंतरावर, डाव्याने अक्षर लागेल, मोतीबिंदू किती आहे त्यावर. पेपर हवाच असेल तर अडीच नंबरचा वाचनाचा तयार चष्मा फक्त बसून वाचायला वापरता येतो, त्याने उजवा वाचेल, डावा धूसर होईल, त्यात डोळा खराब होत नाही, फक्त तो घालून उठून चालायचं नाही. डाव्या डोळ्यात तात्पुरती कॉन्टॅक्ट लेन्स हाही एक उपाय आहे, पण ६८ व्या वर्षी पहिल्यांदा ती घालणं-काढणं सगळ्यांना जमत नाही.

चहा बाहेर सांडतो तो ह्याच कारणाने. खोली, अंतर हे आपल्याला दोन्ही डोळ्यांच्या चित्रांतल्या बारीक फरकावरून कळतं, आणि सध्या दोन चित्रं जुळतच नाहीयेत. उपाय साधा आहे, पातेल्याचा काठ कपाच्या काठाला टेकवून मग ओतायचं. सुईत दोरा ओवणं, सुरीने बारीक चिरणं, गॅसवरची कढई उचलणं हे काही आठवडे दुसऱ्या कोणीतरी करावं. जिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या काठाला उठून दिसेल अशी रंगीत चिकटपट्टी लावा, रात्री संडासाच्या वाटेवर छोटा दिवा चालू ठेवा, आणि पायपुसणं तेवढं बाजूला काढा. ऑपरेशन उत्तम झालेल्या माणसाचा पाय मोरीत घसरून खुबा मोडला असं मी बघितलंय, म्हणून ह्यावर इतकं लिहितेय. आणि काळा चष्मा उन्हात जरूर घाला, पण घरात दिवसभर घालून बसू नका, अर्धवट अंधारात माणूस जास्त अडखळतो.

कडेच्या सावलीचं, कानाच्या बाजूची चंद्रकोर. नवीन लेन्स मूळ भिंगापेक्षा खूपच पातळ आणि लहान असते, तिच्या कडेपाशी बाजूने येणारा प्रकाश वेगळा वळतो आणि तिथे एक अंधारी पट्टी जाणवते. काही लोकांनाच होतं, बहुतेकांना आठवडे-महिने गेले की कमी होतं किंवा मेंदू तिकडे लक्ष देईनासा होतो. करून बघा, आईंनी हात कानशिलाजवळ आडवा धरून बाजूचा उजेड अडवला तर सावली कमी होते का? होत असेल तर ती बहुतेक हीच, आणि पुढे जाड दांडीची फ्रेम घेतली की बराच फरक पडतो. पण तरी एकदा डॉक्टरांना नेमकं हेच शब्द वापरून सांगा आणि बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) बघायला सांगा. कारण पडदा सुटला तरी सावलीच येते, फक्त ती सावली वाढत जाते, पडदा ओढत आणल्यासारखी मधे सरकते, सोबत वीज चमकल्यासारखं होतं, नजरेपुढे तरंगणाऱ्या काळ्या ठिपक्यांचा, म्हणजे ज्यांना आपण माशी म्हणतो त्यांचा, थवा एकदम दिसायला लागतो. एखाद-दुसरी जुनी माशी आता जास्त स्पष्ट दिसणं वेगळं, मोतीबिंदूच्या धुक्यात ती लपलेली असते. जास्त मायनस नंबर असलेल्यांनी इकडे डबल लक्ष द्यायचं.

रात्रीच्या दिव्याभोवती वलय, समोरच्या गाडीच्या लाईटचे फाटे फुटणं, हे सुरुवातीला असतं. रात्री बाहुली मोठी होते, बुबुळाला अजून थोडी सूज असते, पृष्ठभाग कोरडा असतो. कोरडेपणाला लोक फार हलक्यात घेतात, ऑपरेशनच्या चिरेमुळे बुबुळावरच्या बारीक नसा दुखावतात, त्यात इतक्या वेळा औषध पडतं, मग डोळ्यात कचकच, मधेच धूसर आणि पापणी मिटून उघडली की स्पष्ट. असं पापणीबरोबर बदलणारं धूसर बहुतेक वेळा कोरडेपणाचं असतं, त्याला कृत्रिम अश्रूंचे थेंब लिहून देतात. ज्यांनी मल्टिफोकल (लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी) लेन्स घातलीय त्यांना वलयं जास्त दिसतात कारण ती लेन्स प्रकाश वाटून देते, सवय व्हायला तीन ते सहा महिनेही लागतात, तोवर रात्री गाडी चालवू नये हे बरं.

ड्रॉप्स. यातले काही पांढरे दुधासारखे असतात, ते वापरायच्या आधी हलवायचे, आणि टाकल्यावर पाच-दहा मिनिटं धूसर दिसणारच. दोन औषधांत पाच मिनिटं अंतर ठेवा, एक थेंब पुरतो, नळी पापणीला लावायची नाही, थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून मिनिटभर डोळा मिटायचा. सूज उतरवायचा थेंब डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात, साधारण चार ते सहा आठवडे, आणि तो मधेच सोडायचा नाही. आमच्याकडे एक काका दहाव्या दिवशी "डोळा एकदम क्लियर आहे, कशाला औषध" म्हणून थांबले, बाविसाव्या दिवशी लालबुंद डोळा घेऊन आले, परत सगळं पहिल्यापासून. डायबेटीस असेल तर आणखी जपायचं, पडद्याच्या मध्यभागी सूज यायची शक्यता जास्त, ती बहुतेक चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास येते, म्हणजे नेमकी सगळे निर्धास्त झालेले असतात तेव्हा. दुखत नाही, लाल होत नाही, फक्त मधलं धूसर होतं आणि खिडकीचे गज वाकडे दिसतात. म्हणून ती कॅलेंडर-गजांची तपासणी सहा आठवडे चालू ठेवा. ही सूज ओसीटी नावाच्या स्कॅनवर कळते आणि बहुतेक वेळा औषधाने उतरते.

आता रिक्षा कधी. डोळा दुखणं वाढत जातंय, लाली वाढतेय, उजेड सहन होत नाही आणि नजर तासातासाने कमी होतेय, ह्यातलं काहीही झालं, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, तर रविवार असो, अमावास्या असो, रात्री दोन वाजले असोत, निघायचं. आत जंतुसंसर्ग असू शकतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो. एका आजोबांना शनिवारी दुपारी दुखायला लागलं, मुलाला सुट्टी नाही, तपासणी सोमवारी आहेच म्हणून ते गप्प पडून राहिले. डोळा वाचला, नजर पूर्ण नाही आली. म्हाताऱ्या माणसांना आपला त्रास द्यायला नको वाटतं, तर तुम्हीच रोज विचारा. पहिल्या एक-दोन दिवसांत डोळा-कपाळ खूप ठणकून उलट्या होत असतील तर तेही लगेच दाखवायचं, डोळ्यातलं प्रेशर वाढलेलं असू शकतं.

पथ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण घरोघरी चालतं म्हणून सांगते. आंबट खाल्ल्याने डोळ्यात पू होत नाही, टीव्ही बघितल्याने लेन्स सरकत नाही. डोळा चोळणं, नळाचं पाणी डोळ्यात जाणं, चुलीचा धूर, फोडणीचा ठसका, लहान नातवंडाचं बोट, हे खरं पथ्य. डोक्यावरून अंघोळ कधी ते तुमच्या सर्जनचं ऐका, चिरा किती मोठा होता त्यावर ते ठरतं, फेकोत (मोतीबिंदू आतच यंत्राने फोडून ओढून घेतात ती पद्धत) तो तीन मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, बिनटाक्याच्या दुसऱ्या पद्धतीत सहा-सात मिलिमीटर. खूप पिकलेला, कडक मोतीबिंदू असेल तर सूज उतरायलाही जास्त दिवस लागतात, त्यामुळे शेजारच्या काकूंना दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसलं आणि आईंना आठव्या दिवशी, ह्या तुलनेत काही अर्थ नाही.

कायमचा चष्मा एवढ्यात करू नका. साधारण महिना ते सहा आठवड्यांनी नंबर स्थिर होतो, आधी केलात तर पैसे वाया. थोडा नंबर राहणं नॉर्मल आहे, डोळ्याच्या लांबीवरून लेन्सची पॉवर काढतात आणि मोजण्यात १ मिलिमीटरचा फरक पडला तरी अडीच-तीन नंबर इकडेतिकडे होतो, त्यामुळे अर्ध्या-पाऊण नंबरात काम झालं तर ते चांगलंच काम समजायचं. आणि पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी परत धुरकट झालं तर "मोतीबिंदू परत आला" असं नसतं, लेन्सच्या मागच्या पिशवीवर जाळी धरते, ती याग लेझरने काही मिनिटांत साफ होते.

राहिला दुसरा डोळा. आईंना आत्ता सगळ्यात जास्त त्रास दोन डोळ्यांतल्या फरकाचा होतोय आणि तो फरक जायचा खरा मार्ग डाव्याचं ऑपरेशन हाच आहे, थांबून राहिल्याने उलट हे दिवस लांबतील. पण घाई करून त्यांना ओढत नेऊ नका. उजवा शांत झाला, पडदा तपासून झाला, की डॉक्टरांकडे बसून सरळ विचारा: आईंना वाचनाची सवय आहे, तर डाव्या डोळ्यात लेन्सची पॉवर अशी ठेवता येईल का की थोडा मायनस राहील, दीडच्या आसपास, म्हणजे मोठी अक्षरं, मोबाईल, ताटातलं बिनचष्म्याचं दिसेल? काहींना ते छान जमतं, काहींना नाही, त्यासाठी आधी ट्रायल फ्रेममधे (काचा बदलता येतात अशा तपासणीच्या चष्म्यात) तेवढा फरक घालून अर्धा तास दवाखान्यात फिरवून बघता येतं. आईंना स्वतःला ते विचारू द्या, तुम्ही बाजूला बसा.

तोवर सावलीचं दाखवून या, वही लिहायला घ्या, आणि डॉक्टरांनी उजव्याचा नंबर काढला की तो आकडा आणि बसवलेल्या लेन्सचं नाव इथे लिहा, वाचनाचा चष्मा कितीचा घ्यायचा ते मी सांगेन.